डिकीत पाणी? रबराला फाशी देण्याआधी पुरावा बघा

गाडीच्या डिकीत पाणी साचतंय अशी तक्रार कुणी केली की एक संदेश हमखास पुढे सरकवला जातो. त्याचा गोषवारा असा: डिकीचं रबर म्हातारं झालंय, ते बदला. लगेच बदलायचं नसेल तर त्याला पेट्रोलियम जेली चोळा. तरी पाणी आलंच तर सगळ्या सांध्यांवरून सिलिकॉनची पट्टी ओढा. स्टेपनीच्या खड्ड्यातला बूच काढून ठेवा, आलेलं पाणी आपोआप जाईल. शंका असेल तर प्रेशर जेट मारून तपासा. शेवटी गालिचा दोन दिवस उन्हात टाका, विषय संपला.

यातलं एखादं वाक्य एखाद्या गाडीला लागू पडतंही, म्हणूनच हा संदेश इतका टिकून आहे. पण सगळा सल्ला उभा आहे तो एका गृहीतकावर: जे झाकण आपण उघडतो तिथूनच पाणी आत येतं. स्टेपनीचा खड्डा हा डिकीतला सर्वांत खोल भाग. छतावरच्या अँटेनाखालून शिरलेला थेंबसुद्धा अस्तराच्या मागून, मागच्या खांबाला धरून उतरत शेवटी तिथेच पोचतो. खड्ड्यातलं पाणी बघून गाडी गळते एवढंच कळतं, कुठून गळते ते नाही. तिथून पुढचे सगळे उपाय म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

«रबर म्हातारं झालंय, बदला»

झाकणाभोवतीचं रबर एकट्याने पाणी अडवत नाही. त्याच्या बाहेरच्या अंगाला पत्र्याची पन्हळ असते. झाकणाच्या फटीतून आलेलं पाणी तिच्यातून वाहत दोन्ही बाजूंनी खाली बंपरकडे उतरतं. पन्हळीत पालापाचोळा आणि चिखल अडकला की पाणी तुंबून रबराच्या वर चढतं, आणि चांगलं रबरही हरतं. म्हणून पहिलं काम जुन्या टूथब्रशने पन्हळ साफ करण्याचं.

रबर खरंच दोषी आहे का, हे दोन चाचण्यांत कळतं. कागदाची दोन-तीन सेंटिमीटर रुंद पट्टी रबरावर ठेवून झाकण बंद करा आणि पट्टी ओढा. असं दर १५ सेंटिमीटरवर करत पूर्ण फेरा घ्या. सगळीकडे सारखा अडथळा जाणवला पाहिजे. दुसरी चाचणी खडूची: रबराच्या माथ्यावर खडू फिरवा, झाकण बंद करून उघडा आणि झाकणाच्या आतल्या पत्र्यावर उमटलेली रेघ बघा. रेघ अखंड असेल तर रबर सोडून द्या, चोर दुसरा आहे.

रेघ एकाच बाजूला तुटत असेल तर बहुतेकदा दोष रबराचा नसतो, झाकण तिरकं बसत असतं. झाकणाच्या कोपऱ्यांतले रबरी ठोकळे अनेक गाड्यांत फिरवून वर-खाली करता येतात. कुलूप ज्यात अडकतं ती कडी ढिली करून एक-एक मिलिमीटर सरकवता येते. जुन्या जागेभोवती आधी मार्करने खूण करा, नाहीतर मूळ जागा परत सापडत नाही.

बदलायचंच ठरलं तर नवं रबर ताणून बसवू नका. ताणलेलं रबर काही दिवसांत आखडतं आणि नेमकं कोपऱ्यात पत्र्यापासून सुटतं. जुनं काढलं की खालच्या पत्र्याची धार तपासा. ती वाकलेली असेल तर पक्कडीने सरळ करा, गंज असेल तर खरवडून प्रायमर आणि रंग द्या. रबराच्या दोन टोकांचा जोड वरच्या कोपऱ्यात नको. जुन्या रबराचा जोड जिथे होता तिथेच नव्याचा आणा.

आता संदेशात ज्यांचं नावही नाही अशा संशयितांकडे वळू. यादीत सगळ्यात वर टेल लॅम्प. लॅम्पसाठी पत्र्यात चांगलं मोठं भोक असतं आणि लॅम्प व पत्रा यांच्यामध्ये असतं फक्त फोमचं गॅस्केट. हा फोम वर्षानुवर्षं दाबून चपटा होतो. बल्ब बदलताना किंवा डेंटिंग-पेंटिंगनंतर लॅम्प परत बसवताना तो दुमडतो, फाटतो, कधी एखादा नटच लावायचा राहतो. दुरुस्ती सोपी आहे: वायरचा प्लग काढा, आतून नट सोडा (बहुधा ८ किंवा १० नंबरचा पाना लागतो), लॅम्प सरळ मागे ओढा. दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून नवं गॅस्केट लावा. ते मिळत नसेल तर ब्युटाइलची (चिकट, मऊ रबराची) दोरी किंवा बंद छिद्रांचा ईपीडीएम (एक कृत्रिम रबर) फोम चालतो. साधा स्पंज नको, तो पाणी पितो आणि धरून ठेवतो. दोरीच्या वर्तुळात वायरचं भोकच नव्हे, बोल्टची सगळी भोकंही आली पाहिजेत. एखादा बोल्ट वर्तुळाबाहेर राहिला की पाणी त्याच्या आट्यांवरून आत येतं. नट आधी हाताने घट्ट करा आणि मग पान्याने आळीपाळीने थोडे-थोडे आवळा. जोर केला की लॅम्पचं प्लास्टिक तडकतं आणि नवीनच गळती सुरू होते.

दुसरा संशयित बऱ्याच जणांनी कधी पाहिलेलाही नसतो. मागच्या बंपरआड, एका किंवा दोन्ही बाजूंना, रबरी झडपांची एक प्लास्टिक चौकट बसवलेली असते. दार आपटल्यावर आणि ब्लोअर चालू असताना केबिनमधली हवा इथून बाहेर पडते. झडपा एकाच दिशेने उघडतात. पाणी येतं ते चौकटीभोवतीचा फोम कुजल्यावर, किंवा बंपरच्या कामात तिची एखादी क्लिप तुटल्यावर. बंपर उतरवून चौकट बदलणं किंवा तिचा फोम नव्याने लावणं हा उपाय. काहीजण ही जागा आतून टेपने कायमची बंद करतात. मग दारं लावायला जोर लागतो आणि काचांवर वाफ धरते. तेवढ्यासाठी हे करू नका.

बाकीचे थोडक्यात: छताच्या कडेच्या पट्टीखालचा, सीलंट तडकलेला सांधा; अँटेनाच्या बुडाचं गॅस्केट; तिसरा ब्रेक लाइट; बिजागऱ्यांचे बोल्ट; स्पॉयलर, नंबर प्लेटचा दिवा किंवा नंतर बसवलेला कॅमेरा यांची भोकं; टो बारच्या (मागे ट्रेलर जोडायच्या दांड्याच्या) वायरसाठी पाडलेलं आणि ग्रोमेट (रबरी कडं) न घातलेलं भोक; मागच्या काचेचा सैल झालेला चिकटपट्टा. सनरूफ असेल तर त्याच्या मागच्या दोन निचरा नळ्या मागच्या खांबांतून खाली येतात. तुंबल्या किंवा निसटल्या की पाणी थेट डिकीत. सनरूफच्या खाचेत कपभर पाणी हळूहळू ओतून ते गाडीखाली पडतं का बघा. नळी साफ करायला दोन-तीन मिलिमीटरची नायलॉन दोरी, टोक गोल करून, सरकवा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, अस्तरामागे नळी सांध्यातून सुटते आणि कळतही नाही.

हॅचबॅकमध्ये मागच्या काचेच्या वॉशरची नळी विसरू नका. ती छताच्या कडेने जाऊन बिजागरीजवळच्या रबरी बाहीतून झाकणात शिरते आणि तिथेच दर उघड-झापीला वाकून एक दिवस तुटते किंवा निसटते. ओळखायचं कसं? पाऊस नसतानाही ओल, पाण्याला साबणाचा वास, आणि वॉशरची टाकी भराभर रिकामी.

पाण्याचं वागणं बघून निम्मा तपास होतो. फक्त ओल्या रस्त्यावर चालवल्यावर येत असेल तर रस्ता खालून आहे: झडपा, चाकाच्या कमानीचे सांधे, तळाचे बूच. गाडी उताराला लावल्यावरच येत असेल तर वर बघा. खड्ड्यात मातकट गाळ असेल तर तेही बहुधा चाकांनी उडवलेलं पाणी. आतल्या पत्र्यावरच्या धुळीत पाण्याने काढलेल्या रेघा शोधा. रेघ वर जिथे संपते तिथे बोट ठेवा.

«प्रेशर जेट मारून तपासा»

जेट तपासणीसाठी निरुपयोगीच नाही, दिशाभूल करणारं आहे. जवळून मारलेला फवारा निरोगी रबराचीही कड उचलून आत घुसतो, आणि संदेश खरा ठरल्यासारखं वाटतं. पाऊस असा पडत नाही.

तपासायचं असं. डिकीतलं सामान, चटई, तळाची फळी, स्टेपनी, जॅक आणि बाजूची अस्तरं काढा. खड्डा स्पंजने उपसून पत्रा पूर्ण कोरडा करा. प्रत्येक संशयित जागेखाली टिश्यू पेपरच्या पट्ट्या चिकटवा, पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरा. मागची सीट पाडून एकाने केबिनमधून टॉर्च घेऊन आत बघायचं. सेडान असेल तर चावी आतल्या माणसाच्या हातात हवी, आणि तो माणूस लहान मूल नको. दुसऱ्याने नळीला नोझल न लावता, तांब्याने ओतावं तशी हलकी धार सोडायची.

सुरुवात खालून. आधी चाकाची कमान आणि बंपरची फट, तीन-चार मिनिटं. मग टेल लॅम्प, एक झाला की दुसरा. मग झाकणाची खालची कड, वरची कड, काच, सगळ्यात शेवटी छत. वरून सुरुवात केली तर पाणी एकाच वेळी सगळं भिजवतं आणि थेंब आला तरी कुणाचा ते कळत नाही. थेंब दिसला की पाणी बंद, जागा कोरडी, पुन्हा त्याच ठिकाणी धार. दुसऱ्यांदाही आला तरच पक्का. आणि एक भोक सापडलं म्हणून थांबू नका, वरपर्यंत जा. दोन ठिकाणी गळणं नवलाचं नाही.

पाण्याने सापडलं नाही तर हवा वापरा. आतून झडपांवर रुंद टेप लावा, सगळी दारं-काचा बंद करा, ब्लोअर बाहेरची हवा घेण्यावर ठेवून पूर्ण वेगाने चालवा आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी ब्रशने लावा. बारीक फट असेल तर बुडबुडे येतात. नंतर टेप काढायला विसरू नका.

«सिलिकॉनची पट्टी ओढा»

या संदेशातला सगळ्यात महागात पडणारा सल्ला हाच. आंबूस वास येणारं नेहमीचं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक आम्ल सोडतं, आणि ते उघड्या पत्र्याला गंज लावतं. पट्टी लावली जाते ती बहुधा आतून, कारण हात तिथे पोचतो. मग पाणी सांध्यात शिरतंच, फक्त बाहेर यायला वाट मिळत नाही. पत्रा दोन थरांमध्ये कुजत राहतो आणि थेंब दुसऱ्याच जागी दिसायला लागतो. वर आणखी एक कटकट: सिलिकॉनवर रंग बसत नाही आणि दुसरं सीलंटही धरत नाही. त्याचा नुसता अंश राहिला तरी नव्या रंगाला खड्डे पडतात. ते काढायचं असेल तर प्लास्टिकच्या पात्याने खरवडून सिलिकॉन रिमूव्हरने पुसावं लागतं.

सांध्यासाठी पॉलियुरेथेन किंवा एमएस पॉलिमरचं सीम सीलंट हवं, आणि ते जिथून पाणी येतं त्या बाजूने, म्हणजे बाहेरून. तडकलेलं जुनं सीलंट पूर्ण काढा. त्यावर नवा थर चढवला तर जुन्याबरोबर तोही सुटतो. गंज घासा, प्रायमर द्या, सीलंट भरून बोटाने दाबत सारखं करा. वरून पापुद्रा लवकर धरतो, पण आतपर्यंत सुकायला जाडीनुसार दिवस-दोन दिवस लागतात. तोवर नळीला हात लावू नका.

«बूच काढून ठेवा»

साचलेलं पाणी सोडायला बूच जरूर काढा. कायमचा काढलात तर चाकांनी उडवलेलं पाणी, धूळ आणि सायलेन्सरचा धूर यांना आत यायला दार उघडलंत. शिवाय भोकाची कड उंच असेल तर तिच्या खालचं पाणी तसंच राहतं, आणि फोममध्ये मुरलेलं तर हलतही नाही. परत बसवताना बुचाची कड कडक झाली असेल तर नवा घ्या.

«पेट्रोलियम जेली चोळा»

डिकीचं रबर बहुतेक ईपीडीएमचं असतं. पेट्रोलियम जेलीतल्या खनिज तेलाने ते फुगतं आणि मऊ पडतं. चोळायचंच तर सिलिकॉन ग्रीस, तेही पातळ हाताने. फाटलेलं रबर कुठल्याही ग्रीसने सांधत नाही.

«गालिचा उन्हात टाका»

वरचा गालिचा वाळतो, पण पाणी असतं खालच्या जाड नमद्यात आणि फोममध्ये. वरून हात कोरडा लागला तरी खालचा थर कित्येक दिवस ओला राहतो. बुरशीचा वास आणि काचांवरची वाफ तिथून येते. तो थर पूर्ण काढा, ओलं-सुकं ओढणाऱ्या व्हॅक्यूमने पाणी खेचा आणि दोन्ही बाजूंना वारा लागेल असा उभा ठेवून पंखा लावा. दरम्यान बाजूच्या कप्प्यांतले कनेक्टर बघा. पार्किंग सेन्सरचं युनिट, ॲम्प्लिफायर, काही गाड्यांत फ्यूज बॉक्स आणि बॅटरीही मागेच असते. पिनांवर हिरवट किंवा पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर बॅटरीची निगेटिव्ह तार सोडून कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी आवरणाच्या केबलला हात लावू नका, ते काम प्रशिक्षित माणसाचं.

दुरुस्ती झाल्यावर अस्तरं लगेच ठोकून बसवू नका. टिश्यूच्या नव्या पट्ट्या लावून नळीचा फेरा पुन्हा खालून वर घ्या, आणि मग दोन पाऊस जाईपर्यंत तळाची फळी रोज उचलून बघा.