एका क्लिकसाठी अख्खं हँडगार्ड उतरवा!

बाजूला स्क्रू. बाजूला! एआर-१५ रायफलचा ॲडजस्टेबल गॅस ब्लॉक म्हणजे बॅरलमधला किती गॅस मागच्या यंत्रणेला द्यायचा ते ठरवणारा ठोकळा; त्याचा स्क्रू फिरवायचा एकेका क्लिकने. आणि त्याला झाकणारं बॅरलभोवतीचं आवरण म्हणजे हँडगार्ड. हँडगार्डच्या आत लपणाऱ्या गॅस ब्लॉकला ॲडजस्टमेंटचा स्क्रू बाजूला देणाऱ्या महाभागाने एआर-१५ कधी हातात तरी धरली आहे का? हँडगार्डची खाच एकीकडे, स्क्रू भलतीकडे, मधे जाड ॲल्युमिनियम. म्हणजे हँडगार्डचे बोल्ट सोडा, ते पुढे ओढा, एक क्लिक फिरवा, परत चढवा, टॉर्क लावा, गोळी झाडा. पुंगळी अजून दीड वाजताच्याच दिशेला (बॅरलचं तोंड बारा वाजता धरून), म्हणजे गॅस अजून जास्तच? चला, पुन्हा सोडा! पाकिटावर मात्र ‘दोन मिनिटांत ट्यूनिंग’. हो, हँडगार्ड घरी ठेवून आलं तर.

स्क्रू समोरून फिरावा, क्लिक पक्की बसावी आणि लांब ॲलन की सोबत यावी. एवढंच मागणं आहे. क्लिक नसलेला स्क्रू एक तर हादऱ्यांनी आपोआप फिरतो, नाही तर कार्बन धरून असा बसतो की ॲलन कीचे कोपरेच झिजतात.

आणि ते ‘सगळ्या बॅरलना बसतो’वाले! ०.६२५, ०.७५० आणि ०.९३६ इंच व्यास, तिन्हींना एकच ब्लॉक? कॅलिपर लावा आधी. शिवाय हँडगार्डला पुढून धरणारी जुनी पत्र्याची कॅप काढली की बऱ्याच बॅरलवर खांद्यापासून (बॅरलची जाडी बदलते ती पायरी) सुमारे ०.०३० इंच फट सोडावी लागते. नाही सोडली तर बॅरलच्या भोकाला ब्लॉकचं भोक जुळत नाही, गॅस अडतो आणि लोक बफरला (बटमधलं धक्का झेलणारं वजन) शिव्या देतात. ब्लॉक जखडणाऱ्या सेट स्क्रूला निळं थ्रेडलॉकर (आटे चिकटवणारा गोंद) लावणाऱ्यांना तर कोपरापासून नमस्कार. ते साधारण १५० अंश सेल्सिअसला हार मानतं. ब्लॉक त्याच्या पुढे सहज जातो.

मुळात हे जास्त गॅसचं दुखणं दिलं कोणी? १६ इंची बॅरलवर कार्बाइन लांबीची, म्हणजे आखूड, गॅस सिस्टीम, वर गॅस पोर्ट, म्हणजे बॅरलचं तेच भोक, ऐसपैस, का तर सगळ्यात स्वस्त, मरतुकडी काडतुसंही चालावीत आणि तक्रार येऊ नये. त्यावरचा उतारा आपल्या खिशातून.

ट्यूनिंगही धड करत नाहीत. ब्लॉक पूर्ण बंद, मॅगझीनमध्ये एकच राउंड, मग एकेक क्लिक उघडत जायचं. रायफलचा बोल्ट (काडतूस आत ढकलणारा सरकता भाग) रिकाम्या मॅगझीनवर मागे अडकला की मंडळी खूश! अहो, पुढे आणखी दोन क्लिक द्या. टेक्सासच्या जुलैत काठावर लावलेली रायफल मिनेसोटाच्या जानेवारीत कार्बनसकट रुसणारच. आणि सप्रेसर (सायलेन्सर) लावलात तर सगळं पहिल्यापासून.

एवढा थयथयाट कशासाठी, तर दीड वाजता पडणारी पुंगळी साडेतीनला पडावी म्हणून. कागदी टार्गेटला काडीचा फरक पडत नाही. शेजारच्या लेनमधला तेवढा सुटतो.

पण ती गॅस ट्यूब ब्लॉकला जखडणारी ५/६४ इंची रोल पिन! ठोकताना उडाली की गॅरेजभर रांगायचं. एक जादा पिन पाकिटात टाकायला काय जातं हो यांचं?