खांबावरचा साधू: कथा मागाहून रचलेली नाही

सीरियातल्या सिमियन या ख्रिस्ती साधूबद्दल एक मजकूर फिरतो आहे. म्हणणं असं: हा साधू माणसांना विटून ३७ वर्षं खांबावर मौन धरून उभा राहिला, आणि ही कथा चर्चने शेकडो वर्षांनी रचली.

'शेकडो वर्षांनी' हे साफ चूक. सिमियन वारला इ.स. ४५९ मध्ये. सीरियातल्याच सिऱ्हस शहराचा बिशप थिओडोरेट याने त्याच्याबद्दल लिहिलं ते ४४० च्या दशकात, साधू खांबावर उभा असताना. खांबाची उंची तो टप्प्याटप्प्याने देतो: आधी ६ हात, मग १२, मग २२, आणि आता ३६. त्यातला 'आता' सगळं सांगतो. काही हस्तलिखितांत शेवटी सिमियनच्या मृत्यूचा मजकूर येतो, पण तो मागाहून जोडलेला. ३७ वर्षांचा आकडाही नंतरच्या परंपरेतला. साधू हयात असताना लिहिणाऱ्याकडे तो असणार कुठून?

शिवाय बिशप तिथे स्वतः जाऊन आला होता. अरबांचा जमाव आशीर्वाद मागायला आला, तेव्हा सिमियनने वरूनच सांगितलं, थिओडोरेटकडून घ्या. लोक त्याच्यावर तुटून पडले. कुणी पुढून ओढलं, कुणी मागून, कुणी थेट दाढीला हात घातला. सिमियन वरून ओरडला नसता तर आपण गुदमरून मेलो असतो, हे बिशपच लिहितो. (दाढी ओढली गेल्याचं कोण मुद्दाम रचेल?)

मौन? दुपारी तीननंतर उपदेश, मग लोकांची गाऱ्हाणी, भांडणांचे निवाडे, सूर्यास्तापर्यंत. विटण्याची गोष्ट मात्र अर्धी खरी. पुण्य लागावं म्हणून लोक त्याच्या अंगावरच्या कातड्याच्या वस्त्राला हात लावायला धडपडायचे. आधी त्याला तो मान विचित्र वाटला, मग जाच, म्हणून खांब. त्यानेही गर्दी हटली नाहीच. स्पेन, ब्रिटन, इराणहून माणसं येत राहिली.

थिओडोरेट तटस्थ होता असं मात्र मी म्हणणार नाही. चमत्कार तो भक्तिभावाने सांगतो, आणि खांबाची टवाळी करणाऱ्यांपुढे बायबलमधल्या यशया, यिर्मया या संदेष्ट्यांचे दाखले ठेवतो. पुढच्या पिढ्यांना ही दंतकथा वाटेल, ही धास्ती त्याने सुरुवातीलाच लिहून ठेवली आहे. चमत्कार हवे तर वगळा. पण त्याच्या सोबतच्या एकाने साधूचे नमस्कार मोजायला घेतले आणि १,२४४ वर दमून नाद सोडला, हेही त्याच पानांत आहे.