आयपी ६८ आहे म्हणून फोन समुद्रात नेऊ नका

‘फोन आयपी ६८ असेल तर मालवणला वेगळा कॅमेरा कशाला? फोन सहा मीटर खोल पाण्यात चालतो. भीती वाटली तर पाऊचमध्ये घाला. पाणी गेलंच तर रात्रभर तांदळात ठेवा. वॉटरप्रूफ कॅमेरे म्हणजे कंपन्यांची लूट.’

हा मेसेज सगळ्या ग्रुपांवर फिरतोय. काल भाच्याने तोच मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मामा, तुमचा कॅमेरा राहू दे, फोनच नेतो.’ शनिवारी तो तारकर्लीला निघालाय. म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकतो.

आधी ते आयपी ६८, म्हणजे धूळ-पाण्यापासून फोनला किती संरक्षण आहे याचं मानांकन. यातला ६ धुळीसाठी आणि ८ पाण्यासाठी. ही चाचणी होते प्रयोगशाळेतल्या स्वच्छ, गोड्या, स्थिर पाण्यात, आणि किती खोल, किती वेळ हे कंपनीच ठरवते. आयफोन १२ पासून पुढच्या बहुतेक फोनना सहा मीटर, तीस मिनिटं असं लिहिलेलं असतं. मेसेजवाल्याने तेवढंच उचललं. त्याच अॅपलने सांगून ठेवलंय की हे संरक्षण कायमचं नसतं, वापराने कमी होतं, फोन घेऊन पोहू नका, आणि पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. हे कसं दिसलं नाही? समुद्रात पाणी खारं असतं, लाटा असतात, वाळू असते. शिवाय तुमचा फोन दोनदा पडलेला असतो, एखाद्याची स्क्रीन नाक्यावरच्या दुकानात बदललेली असते. त्याच्या सीलची काय अवस्था आहे, कोण सांगणार?

तरी पटत नसेल तर ऑस्ट्रेलियातला खटला बघा. तिथे सॅमसंगने गॅलेक्सी फोन पोहण्याच्या तलावात आणि समुद्रात वापरता येतात अशा जाहिराती केल्या होत्या. ग्राहक आयोग २०१९ मध्ये कोर्टात गेला. तलावाच्या किंवा समुद्राच्या पाण्यात बुडालेला फोन ओला असतानाच चार्ज केला तर चार्जिंग पोर्ट गंजून बिघडण्याची बरीच शक्यता होती, हे कंपनीने कबूल केलं. जून २०२२ मध्ये कोर्टाने १.४ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड ठोठावला. ते फोन आयपी ६८ चेच होते! जे छातीठोकपणे सांगितलं म्हणून कंपनीला दंड झाला, तेच आपल्याकडे फुकटचा सल्ला म्हणून पुढे ढकललं जातंय.

पाऊच: होडीत उडणाऱ्या पाण्यापुरतं ठीक. खोल गेलं की आतली हवा आकसते, प्लास्टिक स्क्रीनला चिकटतं आणि टच धड चालत नाही.

तांदूळ: खारं पाणी आत गेलं की मीठ आतच राहतं, तांदूळ ते ओढून घेत नाहीत. तांदळाचे कण फोनचं नुकसान करू शकतात, असं अॅपलनेच सांगितलंय.

‘लूट’ या शब्दात थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य करतो. टफ कॅमेऱ्याचा, म्हणजे पाणी-धक्के सोसणाऱ्या छोट्या कॅमेऱ्याचा, सेन्सर लहान असतो. होडीवर, उन्हात तुमचा फोन त्याच्यापेक्षा चांगला फोटो काढेल. आयुष्यात एकदाच डाइव्ह करणार असाल तर विकत घेऊच नका. मालवणात बरेच डाइव्हवाले स्वतःच्या कॅमेऱ्याने शूटिंग करून देतात, आधी विचारून घ्या. फोन होडीत ठेवा.

वरचेवर जाणार असाल तर मात्र ओएम सिस्टीम कंपनीचा टीजी-७ हा टफ कॅमेरा बघा. हाउसिंगशिवाय (म्हणजे कॅमेऱ्यावर चढवायच्या वॉटरप्रूफ पेटीशिवाय) १५ मीटर, आणि वेगळी हाउसिंग घेतली तर ४५. मला त्याची खरी किंमत वाटते ती एक सेंटिमीटरवरून फोकस करण्यात. कोकणातलं पाणी अंदमानइतकं नितळ नसतं, त्यामुळे लांबचं सगळं हिरवट, धूसर येतं. जवळ जाऊन काढलेलाच फोटो टिकतो. गोप्रो हीरो १३ ब्लॅक हा छोटा कॅमेरा हाउसिंगशिवाय १० मीटर जातो आणि व्हिडिओला उत्तम आहे, पण अगदी जवळचं त्यात स्पष्ट येत नाही. फक्त स्नॉर्कलिंग करणाऱ्यांना तो पुरे.

आणि भाच्या, माझाच कॅमेरा ने. पाण्यात उतरण्याआधी बॅटरीच्या झाकणाचं रबर बघ, तिथे केस किंवा वाळूचा कण नको. झाकणाचे दोन्ही लॉक लाव, तरंगणारा पट्टा बांध. बाहेर आल्यावर झाकण न उघडता गोड्या पाण्यात बुडवून ठेव, पूर्ण वाळल्यावरच उघड.