यती, सोंगं आणि शिप्टनचा 13 इंची ठसा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचे आक्षेप दोन. ‘जॉनी क्वेस्ट’ या जुन्या कार्टून मालिकेतला यतीचा, म्हणजे हिमालयातल्या केसाळ हिममानवाचा, भाग स्वस्तात उरकलाय हे मी लेखात झाकलं, आणि गिर्यारोहक एरिक शिप्टनने फोटोत टिपलेला 13 इंची पायाचा ठसा समोर असताना यतीला अस्वल ठरवून मोकळा झालो.

उरकल्याचं मला पटत नाही. हाना-बार्बेराची ही मालिका 1964-65 मध्ये अमेरिकेत एबीसी वाहिनीवर आली, भाग 26. ती रचणारे चित्रकार डग वाइल्डी कॉमिक्समधून आलेले; त्यांची माणसं खऱ्या अंगकाठीची, चेहऱ्यांवर ठळक काळ्या सावल्या. अशा चेहऱ्यात सावलीची कड एका चित्रातून दुसऱ्यात जराशी सरकली तरी पडद्यावर थरथरते. म्हणून धड एका सेलवर (चित्र रंगवायच्या पारदर्शक पत्र्यावर) स्थिर ठेवायचं आणि ओठ वेगळ्या सेलवर हलवायचे. केसाळ अंग तर त्याहून अवघड, सुटे केस काढाल तितके लुकलुकतात.

आता ठसा. शिप्टन आणि मायकेल वॉर्ड यांनी 1951 मध्ये हिमालयातल्या मेनलुंग हिमनदीवर तो टिपला, मापासाठी शेजारी बर्फकुऱ्हाड ठेवून. माप खरंच आहे, पण ते बर्फातल्या खड्ड्याचं आहे, पायाचं नाही. अस्वल चालताना मागचा पाय बऱ्याचदा पुढच्या पायाच्या ठशावरच पडतो, दोन्ही मिळून एक लांब ठसा होतो. मग ऊन लागलं की कडा वितळून खड्डा रुंदावतो आणि नखांच्या खुणा आधी पुसल्या जातात. म्हणून एकट्या ठशावर विसंबायचं नसतं. सलग आठ-दहा ठसे मोजावेत, डाव्या-उजव्यातलं अंतर घ्यावं, फोटो सरळ वरून काढावा, उतार कुठल्या दिशेला आणि वेळ काय ते टिपावं. तो गाजलेला फोटो एकाच ठशाचा आहे.

आणि नेपाळमधल्या खुमजुंग गावच्या गोंपातली (बौद्ध मठातली) ‘यतीची टाळू’, म्हणजे डोक्याची केसाळ कातडी, विसरू नका. हिलरींनी 1960 मध्ये गावाच्या परवानगीने ती शिकागो आणि पॅरिसला नेऊन तपासून घेतली. निघालं सेरोचं, म्हणजे हिमालयातल्या बकरीसारख्या रानजनावराचं कातडं, साच्यावर ताणून आकार दिलेलं. त्यानंतर चारेक वर्षांनी आलेल्या या मालिकेत मठावर चाल करून येणारे यती म्हणजे सोंग घेतलेली माणसं निघतात, हे मला फार नेमकं वाटतं. शेवटी खरा यती येतो, ती गोष्टीची गरज. 2017 मध्ये शास्त्रज्ञ शार्लट लिंडक्विस्ट यांच्या चमूने यतीचे म्हणून जपलेले 9 नमुने डीएनएने तपासले. 8 अस्वलांचे निघाले, 1 कुत्र्याचा.