दहा किलोचं बाळ आणि सिमेंटच्या तीन गोण्या

“लहान मूल आईच्या मांडीवरच सगळ्यात सुरक्षित असतं, कारसीट हे नुसतं फॅड आहे,” अशा आशयाचा मजकूर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सारखा फिरत असतो. कारसीट म्हणजे गाडीच्या सीटवर बसवायची, मुलांची वेगळी पट्ट्यांची खुर्ची. जोडीला कारणंही येतात. मूल जेमतेम दहा किलोचं, आई त्याला दिवसभर कडेवर घेते. शहरात गाडी चाळीस-पन्नासच्या वर जातेच कुठे? मागे बसलं की पट्टा लागत नाही. गाडीला एअरबॅग आहेत. आणि फारच भीती वाटली तर आईच्या पट्ट्यातच बाळाला घ्यावं. यातलं एकही कारण टिकत नाही, आणि शेवटची दोन तर थेट जिवावर बेतणारी आहेत.

“दहा किलोचं मूल हातातून सुटत नाही”

बाळ कडेवर घेतल्यावर हाताला जाणवतं ते त्याचं वजन, म्हणजे पृथ्वी त्याला खाली ओढते ते बल. १० किलो वस्तुमानाला ते सुमारे ९८ न्यूटन भरतं. रोजच्या बोलण्यात आपण वस्तुमानालाही वजनच म्हणतो आणि भाजी घेताना त्याने काही बिघडत नाही. गाडीच्या धडकेत बिघडतं. तिथे बाळ खाली पडू नये एवढंच बघायचं नसतं, पुढे निघालेलं बाळ थांबवायचं असतं. त्याला लागणारं बल दोनच गोष्टींवर ठरतं: वस्तुमान किती आणि वेग किती झटकन उतरतो. चंद्रावर हेच बाळ दीड-पावणेदोन किलोच्या पिशवीइतकं हलकं लागेल, पण त्याच वेगातून तेवढ्याच अंतरात थांबवायला तिथेही इथल्याइतकंच बल लागेल.

आता आकडे मांडू. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १३.९ मीटर. कोरड्या डांबरी रस्त्यावर करकचून ब्रेक दाबला तर गाडीचा वेग दर सेकंदाला साधारण ८ मीटर प्रति सेकंद इतका उतरतो. गाडी १२ मीटरांत, पावणेदोन सेकंदांत उभी राहते. या वेळात बाळाला धरून ठेवायला ८० न्यूटन लागतात, म्हणजे आठ किलोची पिशवी पेलण्याइतकं बल. आईचे हात हे सहज निभावतात, आणि सगळा दावा याच अनुभवावर उभा आहे. “एवढा जोरात ब्रेक लागला, पण बाळ हललं नाही,” हे खरंच असतं.

धडक म्हणजे मात्र जोराचा ब्रेक नव्हे. तीच गाडी त्याच वेगाने भिंतीवर आदळली तर बॉनेट चेपत जातं आणि आतली माणसं बसतात तो भाग समजा ६५ सेंटिमीटरांत थांबतो. वेगाचा वर्ग भागिले दुप्पट अंतर, असा हिशेब केला तर १९३ भागिले १.३, म्हणजे जवळपास १४८ मीटर प्रति सेकंद वर्ग, गुरुत्वत्वरणाच्या (पडणाऱ्या वस्तूचा वेग ज्या दराने वाढतो त्याच्या) पंधरा पट. दहा किलोच्या बाळाला धरून ठेवायला आता सुमारे १,५०० न्यूटन हवेत. दीडशे किलो वजनाइतका हा ओढा आहे: सिमेंटच्या ५० किलोच्या तीन गोण्या एकदम हातात पडाव्यात तसा. हीसुद्धा सरासरी झाली, मधला एखादा क्षण याहून कठीण असतो.

ताकदीचं सोडा, वेळही मिळत नाही. हे सगळं सेकंदाच्या दहाव्या भागात आटोपतं. डोळ्यांनी पाहून स्नायू आवळायला माणसाला त्याच्या किमान दुप्पट वेळ लागतो. आईने धरायचं ठरवण्याआधीच बाळ हातातून गेलेलं असतं. यात तिच्या मायेला किंवा सावधपणाला बोल लावण्यासारखं काहीही नाही, माणसाच्या हातांना हे जमणारच नाही.

“शहरातल्या वेगाला काय होतंय?”

वेग उंचीत मोजून पाहा. ताशी ३० ला आदळणं म्हणजे साडेतीन मीटरवरून पडणं, ४० ला सव्वासहा मीटरवरून आणि ५० ला जवळजवळ दहा मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून. वेग ५० चा ८० झाला की आदळण्याची ऊर्जा अडीच पटींहून जास्त होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर बाळाला कुणी क्षणभरही बसवणार नाही.

“मागच्या सीटवर पट्टा लागत नाही”

कायद्याने लागतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १३८(३) या नियमानुसार पुढे तोंड असलेल्या मागच्या सीटवरच्या प्रवाशांनाही पट्टा बंधनकारक आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४ब नुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा कारसीट नसेल तर चालवणाऱ्याला १,००० रुपये दंड आहे.

पण दंडापेक्षा पट्टा करतो काय, ते कळायला हवं. पट्टा माणसाला गाडीशी जोडतो, त्यामुळे गाडीला थांबायला मिळालेले ते ६५ सेंटिमीटर त्याच्याही वाट्याला येतात. पट्टा नसेल तर गाडी थांबते आणि माणूस ५० च्याच वेगाने पुढे जात राहतो. मग पुढच्या सीटची पाठ किंवा डॅशबोर्ड त्याला पाच-दहा सेंटिमीटरांत थांबवतो. दहा सेंटिमीटर धरले तर हा धक्का गुरुत्वत्वरणाच्या शंभर पटींच्या जवळ जातो. पुढच्या सीटची पाठ मऊ दिसते, पण आत लोखंडी सांगाडा असतो आणि त्यापुढे आणखी कुणीतरी बसलेलं असतं. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्रींसह मागे बसलेले दोघं दगावले, पुढचे दोघं वाचले. मागच्या दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं होतं.

“एअरबॅग आहे ना!”

एअरबॅगवर इंग्रजीत एसआरएस अशी अक्षरं असतात. त्यातल्या पहिल्या एसचा अर्थ पूरक, म्हणजे पट्ट्याला जोड. ती सेकंदाच्या तीसेक हजारांश भागात फुगते. पापणी लवायला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. पुढच्या सीटवर मांडीवरचं बाळ नेमकं तिच्या वाटेत असतं, आणि ज्या वेगाने ती बाहेर येते त्याने बाळाच्या मानेला जीवघेणी इजा होऊ शकते. पाठमोरी कारसीट, म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला राहील अशी, पुढे ठेवली तरी हाच धोका, म्हणून ती मागेच बसवायची. पुढे बसवण्यावाचून इलाजच नसेल तर त्या बाजूची एअरबॅग बंद करता येते का ते गाडीच्या पुस्तिकेत बघा, येत नसेल तर तिथे बसवू नका.

“एकाच पट्ट्यात दोघं”

हा सल्ला सगळ्यात घातक. आईचं वस्तुमान ५५ किलो असेल तर आधीच्याच हिशेबाने ती सुमारे ८,१०० न्यूटनने, म्हणजे सव्वाआठशे किलोंच्या दाबाने पट्ट्याकडे जाते. पट्टा आणि आई यांच्या मधे बाळ.

मग बाळाला बसवायचं कसं? निदान सव्वा वर्षाचं होईपर्यंत पाठमोऱ्या सीटमध्ये, आणि सीटच्या मर्यादेत बसत असेल तर त्यानंतरही. तान्ह्याचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं, मान कोवळी असते. पाठमोऱ्या सीटमध्ये बळ मानेवर एकवटत नाही, पूर्ण पाठीवर पसरतं. सीट बसवल्यावर, पट्टा तिच्यातून जातो तिथे धरून हलवा. ती अडीच सेंटिमीटरांहून जास्त सरकली तर पुन्हा आवळा. बाळाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून पाहा: घडी पडली तर तो सैल आहे. आपल्याकडे नेहमी होणारी चूक दुपट्याची. बाळाला गुंडाळून वरून पट्टा लावला की धडकेत ते मऊ कापड दबतं आणि पट्टा तेवढाच ढिला होतो. आधी पट्टा, मग वरून दुपटं.

मोठ्या मुलाला बूस्टर, म्हणजे पट्टा नीट बसावा म्हणून त्याला उंच बसवणारी बैठक, द्या. कमरेचा पट्टा पोटावर नको, खुब्यांच्या हाडांवर हवा आणि तिरका पट्टा गळ्याला न लागता खांद्याच्या मधून जायला हवा. साधारण १३५ सेंटिमीटर उंची होईपर्यंत नुसत्या पट्ट्याने हे जमत नाही. सीट जुनी घेत असाल तर ती अपघातातल्या गाडीतली नाही याची खातरी करा. जोराच्या धडकेत पट्ट्याचे धागे ताणले जातात, प्लास्टिकला आतून तडे जातात, आणि हे दोन्ही वरून दिसत नाही.