चिमणी पडली म्हणून पोरगं पायलट होत नाही

सोलापूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. विमानांच्या वाटेत आडवी येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पडली, होटगी रोडच्या विमानतळावरून विमान उडालं, आता आपल्या पोरांनी कॉकपिटात बसायचं, अशी त्याची सुरुवात. पुढे आमिषं: बारावी सायन्सनंतर 18 महिन्यांत पायलट, देशात 30 हजार जागा रिकाम्या, पहिल्या महिन्यापासून 5 लाख पगार, नोकरी कायमची, मुलींनाही संधी, आणि मेडिकल म्हणजे नुसती औपचारिकता. मी बँकेच्या कर्ज विभागात चोवीस वर्षं काढली. पायलट होऊ नका असं माझं म्हणणं नाही. पण या मेसेजच्या भरवशावर घर गहाण टाकायला निघालेली माणसं मी टेबलापलीकडे बसलेली पाहिलीत, म्हणून लिहितोय.

आधी ते 18 महिने. कमर्शियल परवान्याला 200 तासांचं उड्डाण लागतं. रोज एक तास धरला तर सात महिन्यांत संपतं. फक्त विमान, प्रशिक्षक आणि आभाळ, तिन्ही रोज मोकळं मिळायला हवं. बारामतीला शिका नाहीतर रायबरेलीजवळच्या फुरसतगंजला, पावसाळ्यात उड्डाणं रखडतातच. शिवाय डीजीसीएचे, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचे पेपर, नेव्हिगेशनपासून हवामानशास्त्रापर्यंत, प्रत्येकात 70 टक्के. रेडिओचा परवाना आणखी वेगळा. दोन ते तीन वर्षं धरून चाला.

एवढं होऊनही एअरलाइनचं विमान हातात येत नाही. त्या त्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे तेच विमान चालवायचं वेगळं प्रशिक्षण, करावं लागतं. जून 2025 मध्ये आपल्याकडून गोव्याला सुरू झालं ते एटीआर, पंख्याचं विमान. मोठ्या कंपन्यांच्या ताफ्यात एअरबस 320 च्या घराण्यातली विमानं जास्त. एकाचं रेटिंग दुसऱ्याला चालत नाही. म्हणजे होटगी रोडच्या कुंपणाबाहेरून जे विमान बघून पोरगं वेडं झालं, तेच त्याला एअरबसचं रेटिंग केल्यावर उडवता येणार नाही. या रेटिंगचे पंधरा-वीस लाख बहुतेकदा घरूनच जातात. मेसेजमध्ये त्यांचा उल्लेखही नाही.

30 हजारांचा आकडा हवेतला नाही, सरकारकडूनच तो सांगितला गेलाय. पण तो येत्या पंधरा-वीस वर्षांचा अंदाज आहे, आजच्या रिकाम्या खुर्च्या नव्हेत. 2023 मध्ये एअर इंडियाने 470 आणि इंडिगोने 500 विमानांची ऑर्डर दिली. ती काही एका दिवाळीत येऊन उभी राहत नाहीत. उलट त्याच एका वर्षात देशात सोळाशेच्या वर नवे परवाने दिले गेले. टंचाई आहे ती कप्तानांची, आणि कप्तान व्हायला लागणारा परवाना 1,500 तासांशिवाय मिळत नाही.

इथे कुणीतरी डिसेंबर 2025 काढतंच. इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, मग पायलट कमीच आहेत ना? कमी पडले, खरं आहे. वैमानिकांची आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांवरून 48 वर गेली, रात्रीच्या लँडिंग सहावरून दोनवर आल्या, आणि वेळापत्रक त्या मापाचं नव्हतं. पण त्या आठवड्यात 200 तासवाला पोरगा दारात उभा असता तरी उपयोग नव्हता. एसटी स्टँडवर गाडी ड्रायव्हरवाचून उभी आहे म्हणून कालच लायसन्स काढलेल्याला कुणी घाटात गाडी देत नाही.

पगाराचे 5 लाख कप्तानाचे. नवा फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, एक-दोन लाखांच्या घरात सुरू करतो. आता माझं गणित. ट्रेनिंग, रेटिंग, राहणं-खाणं मिळून 80 लाखांचं कर्ज, 11 टक्के व्याज, 10 वर्षं: महिन्याचा हप्ता सुमारे 1 लाख 10 हजार. शिकताना साठलेलं व्याज यात धरलेलंच नाही. आणि नोकरी लागेपर्यंतचे महिने? तेव्हा हप्ता बापाच्या नावावर. साडेसात लाखांच्या वर बँक साधारणपणे तारण मागते, म्हणजे घर नाहीतर प्लॉट.

कायमची नोकरी यावर फार लिहीत नाही. किंगफिशर 2012, जेट 2019, गो फर्स्ट 2023: या विमान कंपन्या बंद पडल्याची ही सालं. किंगफिशरचं विमान आपल्याकडेही यायचं.

मुलींबद्दलचं वाक्य मात्र सोळा आणे खरं. भारतात वैमानिकांमध्ये बायका 15 टक्क्यांच्या आसपास आहेत, जगाच्या सरासरीच्या तिप्पट. ज्यांच्याकडे पैसा आहे किंवा शिष्यवृत्ती आहे त्यांनी लेकीला जरूर पाठवावं.

राहिलं मेडिकल. अक्कलकोट रोड एमआयडीसीतले एक टॉवेलवाले माझ्याकडे आले होते. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये माहितीपत्रक, घराचा उतारा आणि एका संस्थेला दिलेल्या दोन लाखांच्या ॲडव्हान्सची पावती. मी विचारलं, मेडिकल झालं का? "ॲडमिशन झाल्यावर होतंय म्हणाले की साहेब." म्हटलं, फाइल ठेवा बाजूला, आधी डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडे जाऊन क्लास टू, म्हणजे पहिली वैद्यकीय तपासणी, करून या, काही हजारांचं काम आहे. चष्म्याची काळजी नव्हती, चष्म्याने नजर 6/6 होत असेल तर चालतं. डॉक्टरांनी रंग ओळखता येतात का ते बघायचं रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. आपल्याला ज्या पानावर 74 दिसतात, तिथे पोराने 21 वाचले. पुढची दिव्यांची चाचणीही जमली नाही.

ॲडव्हान्स परत मिळाला नाही. टॉवेलवाले फोल्डर न्यायला आले तेव्हा बराच वेळ पावतीकडे बघत होते. मग म्हणाले, "लहानपणी हिरव्या सुताच्या पेटीत तांबडे कोन भरून ठेवायचा बघा. लक्ष नाही म्हणून मी मारलं होतं त्याला."