डायल का रंगवली नाही?

नमस्कार. जुन्या एचएमटी घड्याळांवरच्या लेखाला तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, आभार. तुमचे आक्षेप दोन. बॅटरीवरचं क्वार्ट्झ घड्याळ कमी पैशात अचूक वेळ दाखवत असताना जुन्या बाजारातलं बंद पडलेलं 'जनता', म्हणजे एचएमटीचं चावीचं घड्याळ, आणून त्यावर खर्च करणं म्हणजे भंगाराचे लाड. आणि एवढा खटाटोप करून डायल डागाळलेलीच ठेवली, तर अर्धवट कामात कसलं समाधान?

अचूकतेचं तुमचं म्हणणं खरंच आहे. चावीचं घड्याळ कितीही नीट लावलं तरी दिवसाला काही सेकंद पुढे-मागे होणार. पण दिवसाचे सेकंद ८६,४००. 'जनता' तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला पाच, तेही बॅटरीशिवाय. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला सुरू झालेल्या घड्याळ उद्योगाचं हे यंत्र स्क्रू काढून पूर्ण सुटं करता येतं. २०१६ मध्ये सरकारने ती कंपनी बंद करायचा निर्णय घेतला, तरी भंगारातल्या दुसऱ्या घड्याळाचे भाग आजही कामी येतात.

आणि भंगार म्हणाल, तर पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात 'बंद आहे' म्हणून मिळणाऱ्या घड्याळात पुष्कळदा काहीच तुटलेलं नसतं. आतलं तेल वाळून चिकट झालेलं असतं, बस. डोळ्याला भिंग लावून एकेक चाक धुवायचं, चाकांचे आस ज्यात फिरतात त्या माणकाच्या खड्यांच्या भोकातला काळा राप टोकदार काडीने काढायचा, सुईच्या अग्रावर राहील एवढंच तेल द्यायचं. सगळ्यात शेवटी बॅलन्सचं, म्हणजे मागेपुढे झुलून घड्याळाची गती सांभाळणारं चाक. ते जागेवर नीट बसलं की स्क्रू पुरता आवळायच्या आधीच झुलायला लागतं. कितीतरी वर्षं मुकं पडलेलं यंत्र हाताखाली टिकटिकायला लागतं, तेव्हा होणारा आनंद मला नवीन घड्याळाच्या खरेदीत कधीच मिळाला नाही.

आता डायल. काचेवरचे ओरखडे मी घासून काढतो, कारण ती प्लॅस्टिकची असते आणि बदलताही येते. डायलवरची बारीक, रेखीव छपाई मात्र एकदा पुसली की गेली. बाजारात चकचकीत दिसणारी कितीतरी एचएमटी अशी रंगवलेली असतात: अक्षरं जाड, मिनिटांच्या रेघा वाकड्या, आणि कंपनीने कधी न काढलेले रंग. ओल शिरून पडलेला डाग यंत्राच्या चालण्यात आड येत नसेल, तर तो घालवण्यासाठी मूळचं 'जनता' हे नाव पुसून टाकणं मला पटत नाही. ते कुणाच्यातरी मनगटावर पावसाळे काढून आलंय, आणि ते दिसलं तर बिघडलं कुठे? कुठे हात आवरायचा हे ठरवणं मला या कामातला सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग वाटतो.

वडिलांचं एचएमटी 'पायलट' कपाटात पडून आहे असं तुम्ही शेवटी लिहिलंय. चालतंय का बघायला म्हणून चावी देऊन दिवसभर चालवू नका. वाळलेल्या तेलात धूळ बसते आणि चाकांचे आस झिजतात. आधी जाणत्या घड्याळजीकडून पूर्ण उघडून साफ करून घ्या. आणि घड्याळ हातात देतानाच स्पष्ट सांगा, डायलला हात लावायचा नाही.